नामदेवभाऊ कॉम्प्रेसर पाहायला जातात

परवा आमच्या चिरंजीवांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. नागपुरातल्या घराखाली गाडी ठेवायला एक बंदिस्त जागा आहे, तिथं तो रविवारी मोटारसायकल खोलून बसतो. "बाबा, गॅरेजसाठी हवेचा कॉम्प्रेसर घेतो म्हणतो. हा बघा, शंभर लिटरची टाकी. मागवून टाकू?" आणि मी काही ठरवायच्या आत माझ्या तोंडून भल्या मोठ्या आवाजात निघालं, "तुले हवा पायजे का टाकी पायजे?"

सून स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. मी घरात असा ओरडत नाही, आणि असा बोलत तर मुळीच नाही. छत्तीस वर्षं गणित शिकवलं, तेही पुस्तकी भाषेत. ते वाक्य माझं नव्हतंच. ते आमच्या पोंभुर्ण्याच्या शेजाऱ्याचं, नामदेवभाऊ लेनगुऱ्यांचं होतं. माणूस जाऊन दोन वर्षं झाली आणि आता तो माझ्या तोंडून ओरडायला लागला. घ्या!

नामदेवभाऊ बल्लारशाकडच्या एका आरागिरणीत अठ्ठावीस वर्षं फिटर होते. जन्म करवतीशेजारी गेला, त्यामुळे समोरच्याला ऐकू येत नाही असं गृहीत धरूनच ते बोलायचे. त्यांच्या घरात भाजी कोणती शिजली, ती कुणाला आवडली नाही आणि त्यावर सुमनबाई काय म्हणाल्या, हे आम्हा सगळ्या ओळीला कळायचं. गुपित सांगायचं असलं की ते तोंडाजवळ हात न्यायचे. आवाज तेवढाच. फक्त हात मध्ये यायचा.

सदऱ्याच्या खिशात इतरांच्या तंबाखूची डबी असते, यांच्या खिशात विजेचा दाब मोजायचं मीटर. बाकी लोक एकमेकांना रामराम घालायचे. हे ज्याच्या घरी कॉम्प्रेसर आहे त्याला हटकायचे, "टाकीचं पानी सोडलं का?" आमच्याकडे जंगलाची दमट हवा. ती दाबून टाकीत भरली की तळाशी पाणी साचतं, आणि रोज संध्याकाळी खालची चावी उघडून ते सोडलं नाही तर टाकी आतून सडत जाते. खरं आहे. पण म्हणून लग्नात, डोक्यावर अक्षता पडत असताना, नवरीच्या बापाला विचारायचं? भाऊंनी विचारलं. तो बिचारा मांडव सोडून घरी गेला, चावी उघडली, आणि मग परत येऊन विहिणीच्या पाया पडला.

तर, कॉम्प्रेसर कोणता घ्यावा, या एका विषयात अख्ख्या तालुक्यात भाऊंचा शब्द शेवटचा. पंक्चरवाला असो, सुतार असो, नाटकाचे पडदे फवाऱ्यानं रंगवणारा पेंटर असो, भाऊंना दाखवल्याशिवाय कोणी यंत्र घ्यायचा नाही. भाऊ दुकानात जायचे ते सोयरीक बघायला गेल्यासारखे. आधी नुसते भोवती फिरायचे. मग टाकीवरची पाटी वाचायचे, तळहात ठेवून हादरा बघायचे. मग यंत्र सुरू करून रिकामी टाकी भरायला किती वेळ लागतो ते मनगटावरच्या घड्याळात मोजायचे. मोटर बंद होताना 'फुस्स' असा आवाज आला पाहिजे, म्हणजे वरच्या नळीतला दाब सुटला आणि पुढच्या वेळी मोटरीवर ओझं येणार नाही. हा आवाज त्यांना नीट ऐकू यायचा नाही, म्हणून ते तिथं बोट धरायचे. एवढं सगळं करूनही "चांगला आहे" असं त्यांनी कधी म्हटलं नाही. फार झालं तर "पाहू." दुकानदारानं किती आर्जवं केली तरी "पाहू."

त्यांचा सगळ्यात मोठा राग टाकीचा आकार बघून भुलणाऱ्यांवर. "मास्तर, टाकी म्हंजे धान ठेवाची ढोली हो! ढोली किती मोठी हाये ते पाहून काय करता? धान किती पिकते ते पाहा ना! यंत्र मिनिटाले किती हवा काढते? तुमची बंदूक मिनिटाले किती खाते? हे दोन आकडे सांगा, मंग बोला." बंदूक म्हणजे रंगाची फवारणी करायची. सायकलच्या चाकाला हवा लागते चिमूटभर, रंगाच्या बंदुकीला लागते अखंड, आणि लाकडाला पॉलिश मारायचं यंत्र तर नुसतं खातच सुटतं. जे हत्यार जास्तीत जास्त खातं त्याच्यापेक्षा थोडी जास्त हवा काढणारं यंत्र घ्यायचं, एवढं साधं गणित. मला गणिताच्या मास्तरला ते एका फिटरकडून ऐकावं लागलं, याचा मला तेव्हा फार राग आला होता.

त्या रागातच माझी फजिती झाली. मी नुकताच निवृत्त झालो होतो. घरामागं टिनाची शेड घातली होती आणि जुन्या सायकली आणून, घासून, रंगवून नव्या करायचा छंद लागला होता. वैशाखात मी भाऊंना म्हटलं, कॉम्प्रेसर घ्यायचा आहे.

"रोवणीपर्यंत थांबा," भाऊ म्हणाले.

"धानाची रोवणी अन् माझ्या सायकली, संबंध काय?"

"तुमच्या घरी लाईनीचा दाब किती हाये?"

"दोनशे तीस."

"हा वैशाखातला झाला जी. रोवणीतला सांगा."

आमच्या भागात पाऊस दोन दिवस जरी ओढला, तरी रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या हप्त्यात सगळे शेतकरी एकदम पाण्याच्या मोटरी लावतात, आणि गावातले बल्ब मिणमिणायला लागतात. भाऊंचा नियम असा की त्या हप्त्यात रोज सहा वाजता गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, मीटर लावायचं, आकडा लिहायचा, आणि सगळ्यात कमी आकड्यावर जी मोटर सुरू होईल तीच घ्यायची. चंद्रपूरच्या दुकानदाराला म्हणे कोडं पडलं होतं की पोंभुर्ण्याचं गिऱ्हाईक श्रावणातच का येतं.

मी कशाचा थांबतो! तीन महिने या माणसाच्या मीटरसाठी वाट बघायची? मी गुपचूप चंद्रपूरला गेलो, तीन हॉर्सपॉवरचा, शंभर लिटर टाकीचा, लालभडक कॉम्प्रेसर आणला आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकला. दोन महिने तो वाघासारखा चालला. भाऊ घरी नसतील तेव्हाच मी तो लावायचो. चोरून सिगारेट ओढणारे विद्यार्थी मी आयुष्यभर पकडले, आता मला त्यांच्याबद्दल सहानुभूती वाटायला लागली.

मग रोवणी आली. एका संध्याकाळी मी बटण दाबलं. मोटरीनं नुसतं 'हूंऽऽ' केलं. चाक जागचं हललं नाही. मी अजून थोडा वेळ दाबून पाहिलं, आणि शेडमध्ये जळक्या वार्निशचा वास पसरला. कुंपणाच्या भिंतीवरून आवाज आला, "मास्तर, किती दिवस झाले आनून?"

वाटलं, आता हा माणूस हे पूर्ण तालुक्यात सांगत फिरणार. भाऊंनी कोणालाही सांगितलं नाही. अर्थात ते माझ्याशी जे बोलले तेच सगळ्यांनी ऐकलं, तो भाग वेगळा. दुसऱ्या दिवशी त्यांनी जळकी मोटर उतरवली, तिच्या जागी लहान मोटर बसवली, तिच्यावर लहान चाक चढवलं, म्हणजे तोच पंप सावकाश फिरेल आणि कमी दाबावरही उचलेल. टाकी भरायला वेळ लागायला लागला. "तुमाले कुठी घाई हाये? रिटायर झाले ना तुमी," भाऊ म्हणाले. त्या दिवसापासून आमची मैत्री झाली, आणि दुकानात घड्याळावरून हिशेब करून द्यायला ते मला बरोबर नेऊ लागले.

एकदा तलावावरच्या मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यातला काशिनाथ धावत आला. मोहल्ल्यानं मिळून माशांची बोटभर पिल्लं आणली होती, तलावात सोडायच्या आधी सिमेंटच्या टाक्यात ठेवली होती. पिल्लांना हवा हवी म्हणून त्यांनी कोणालाही न विचारता एक कॉम्प्रेसर आणला आणि त्याची नळी सरळ पाण्यात सोडली. टायरला चालते ती हवा मासोळीला का चालू नये? पण यंत्राच्या पोटात तेल असतं, हवेबरोबर त्याचे बारीक कण येतात. पाण्यावर तवंग आला आणि पिल्लं वर येऊन तोंड उघडायला लागली.

भाऊ पोचले, "बंद करा!" म्हणून ओरडले. तो आवाज तलावाच्या पलीकडच्या काठावर गेला असेल. त्यांनी पाण्यावर तणस पसरायला लावली, धानाचं ते वाळलं गवत तेल धरून ठेवतं. ते काढलं, नवं पसरलं. मग सदरा काढला, बादली घेतली आणि टाक्यातलंच पाणी डोक्याएवढ्या उंचीवरून परत टाक्यात ओतायला लागले, की पाण्यात हवा मिसळावी. अख्खा मोहल्ला बादल्या घेऊन उभा राहिला. मीही. उन्हं कलेपर्यंत माझे खांदे निखळायची वेळ आली, पण बहुतेक पिल्लं वाचली.

"मंग भाऊ, ह्या यंत्राचं आता काय करू?" काशिनाथनं ओशाळून विचारलं.

"तुमी ट्रकच्या ट्युबवर बसूनच तं जाळं टाकता ना तलावात? तिच्यात हवा भरा. मासोळीले नको, मासोळी धरनाऱ्याले भरा." सगळे हसले. भाऊ मात्र टाक्याच्या काठावर बसून कितीतरी वेळ पाण्याकडे बघत होते. परत येताना म्हणाले, "लोक इचारत काऊन नाई हो, मास्तर? इचाराले काय जाते?"

आता असा हा माणूस. याच्या स्वतःच्या घरात कॉम्प्रेसरची वेळ आली तेव्हा काय झालं, ते सांगायचं आहे.

भाऊंना एकच मुलगी, वर्षा. चंद्रपूरला आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकली, वर्गात एकटी मुलगी. दोन वर्षं तिथंच एका गॅरेजात काम केलं आणि मग परत आली, कारण तिला पोंभुर्ण्यात घराला लागून स्वतःचं गॅरेज टाकायचं होतं. समोरचा ओटा मोकळाच होता. टिनं चढली, हत्यारं आली, "वर्षा टू व्हीलर गॅरेज" असा बोर्ड रंगून खाटेखाली पडला. अडलं होतं फक्त कॉम्प्रेसरसाठी. दरम्यान पुण्याच्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली, दिवाळीनंतर हजर व्हायचं. वर्षानं घरात सांगून टाकलं, "दसऱ्याले गॅरेज सुरू झालं तं मी इथीच. नाई झालं तं पुण्याले." सुमनबाईंनी देव पाण्यात ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं. भाऊंनाही पोरगी जवळ हवी होती, तिच्या गॅरेजचं तर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे. आम्हाला वाटलं, चला, कॉम्प्रेसरच्या राजाच्या घरी कॉम्प्रेसर यायला कितीसा वेळ लागणार?

आम्ही तिघं चंद्रपूरला गेलो. पहिला पाहिला तो जुना, पण टाकीला नवा रंग. भाऊंनी नखानं खरवडून पाहिलं. "रंग इतका जाड काऊन लावला? खाली कायतरी झाकून राह्यले हे." नाही. बरोबर होतं, मीही मान डोलावली. पुढच्या खेपेला लहान, जोरात फिरणारा, पट्ट्याशिवायचा. "हे बोंबलते लय, हवा काढते कमी." नाही. तेही पटलं.

तिसऱ्याचं सगळं ठीक होतं. पट्ट्यावर जाळीही होती. भाऊंनी जाळीत बोट घालून पाहिलं. "इच्यात वर्षाची ओढणी अडकन."

"बाबा, मी गॅरेजात ओढणी घेत नाई," वर्षा म्हणाली.

"वेणी हाये ना."

"वेणी मी टोपीत घालतो." आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, करतो, जातो.

"टोपी उडाली तं?"

वर्षानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

चौथा मात्र असा होता की दुकानदारानं स्वतःच हात जोडले. दोन हॉर्सपॉवर, एका फेजवर चालणारा, पट्ट्यावर जाड पत्र्याचं झाकण. मिनिटाची हवा वर्षाला लागते त्याहून सव्वापट, टाकी मध्यम. टाकी तपासल्याचा कागद, पाटीवरचा नंबर कागदाशी जुळणारा. भाऊंनी बोट धरलं, फुस्स आला. घड्याळ लावलं, मी हिशेब केला, आकडा पाटीवर लिहिलेल्याशी तंतोतंत. रोवणीतल्या दाबाचा कागद भाऊंच्या खिशातच होता, त्यावरही मोटर बसत होती. भाऊ तासभर त्याच्याभोवती फिरले. एक खोट सापडेना. मग एकदम म्हणाले, "चला, एसटी चुकन."

एसटीत हा माणूस, जो कंडक्टरशी बोलला तर ड्रायव्हर मागं वळून बघतो, अवाक्षर बोलला नाही. वाटेत मूल गावच्या स्टँडवर आलुबोंडा खाताना वर्षानं विचारलं, "बाबा, त्याच्यात काय खराब हाये?"

भाऊंनी बोंडा संपवला, हात पुसले. "टाकीचा रंग बरोबर नाई."

दसऱ्याला अकरा दिवस राहिले होते. वर्षा पाणी प्यायला म्हणून उठून गेली. आणि माझं डोकं फिरलं. मी त्या स्टँडवर, लोकांच्या देखत, त्यांच्याच आवाजात ओरडलो. "भाऊ, लाज वाटू द्या थोडी! साऱ्या तालुक्याला यंत्रं निवडून दिली अन् स्वतःच्या पोरीला रंग दाखवता? तिला पुण्याला धाडायचंच असेल तर सरळ सांगा ना! ही नाटकं कशाला?"

 भाऊ बोलले, पण इतक्या हळू की मला वाकून ऐकावं लागलं. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

"आरागिरणीत एक टाकी होती. जुनी. मालकानं मले इचारलं, चालते का? मी वरून वरून पाह्यली अन् 'चालते' म्हनलं. आठव्या दिवशी फुटली. समोर आमचा शंकर होता. त्याचा डावा हात गेला, खांद्यापासून." त्यांनी टेबलावरचा ग्लास उगाच सरकवला. "लोकाच्या घरी चुकलो तं माही जबान जाईन, मास्तर. इथी चुकलो तं…"

 मला स्वतःची इतकी शरम वाटली की मी उरलेला बोंडा तसाच कागदात गुंडाळला. जगाला 'पाहू' म्हणणाऱ्या या माणसाची मी आयुष्यभर थट्टा केली होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्षाला गाठलं आणि आडवळणानं सांगायला लागलो. तिनं मला मध्येच थांबवलं. "मले मालूम हाये सर. शंकरकाका दर पोळ्याले येते आमच्या घरी. बाबा त्याईच्या समोर ताट ठेवते अन् पुरनाची पोळी स्वतः कुस्करून देते." मग म्हणाली, "बाबाले आता इचारतच नाई मी. इचारलं तं त्याईले हो म्हनाव लागन, अन् हो म्हननं त्याईच्यानं होत नाई. तुमी चला माह्यासंगं."

आम्ही दोघंच गेलो. दुकानदार दारातूनच आमच्या मागं डोकावून बघायला लागला. "भाऊ नाही आले?" नाहीत म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला, पण तो दहा मिनिटंच. वर्षानं टाकीची पाटी वाचली, कागद जुळवला, हत्यारं काढून झाकण उघडून पट्टा पाहिला, जास्तीचा दाब आपोआप सोडणारी झडप स्वतः ओढून पाहिली, घड्याळ लावलं. मी हिशेब करायला पेन काढलं, तर तिनं तो तोंडीच केलेला होता. तोच चौथा, रंग बरोबर नसलेला कॉम्प्रेसर टेम्पोत चढला.

घरी आल्यावर तिनं तो लावला नाही. अंगणात वरचा पंप आणि मोटर काढून नुसती टाकी मोकळी केली, नळ लावून काठोकाठ पाण्यानं भरली, तिच्या आयटीआयच्या सरांकडून मागून आणलेला हातपंप जोडला आणि आणखी पाणी दाबायला लागली. आठ किलो दाबावर चालायची टाकी, तिला बारापर्यंत न्यायची आणि अर्धा तास तिथं ठेवायची. हवेनं टाकी फुटली तर तिचे तुकडे उडतात. पाण्यानं भरलेली असली तर नुसती चिरते आणि गळते, म्हणून परीक्षा पाण्यानंच घ्यायची. हे तिला तिच्या बापानंच शिकवलेलं, ती आठ वर्षांची असताना.

भाऊ टेम्पो येताच "मी बजारात चाललो" म्हणून निघून गेले होते. तो बाजार म्हणजे माझ्या घराची कुंपणाची भिंत. मी परसात आलो तर हे तिच्याआड उकिडवे बसलेले.

त्यांनी तोंडाजवळ हात नेला. "मास्तर! काटा कुठी हाये?"

पलीकडून वर्षाचा आवाज आला, "दहावर हाये बाबा!"

भाऊंनी डोकं आणखी खाली घातलं. थोड्या वेळानं परत, "आता?"

"बारावर! अन् मास्तरच्या दोडक्याच्या येलावर बसू नोका!"

अर्धा तास आम्ही दोघं भिंतीआड बसलो. भाऊंच्या हातात घड्याळ होतं, पण ते त्याकडे बघत नव्हते. डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. अर्ध्या तासानं वर्षा ओरडली, "बारावरच हाये!" भाऊ उठले, सदरा झटकला, आणि आता खरोखरच बाजारात निघून गेले. चांगलं झालं असं म्हणाले नाहीत, पाहू असंही नाही.

दसऱ्याला सकाळी ओट्यावर आंब्याची पानं लागली, हत्यारांना हळद-कुंकू लागलं. मी मुद्दाम नागपूरचं जाणं लांबवलं होतं. गुडघ्यांमुळे आम्ही पोंभुर्णं सोडून मुलाकडे राहायला निघालो होतो, सामान बांधून पडलं होतं, थोड्या वेळात गाडी येणार होती. वर्षानं टोपीत वेणी घातली, सगळ्यांना ओट्याखाली उतरून मागं व्हायला सांगितलं. टाकी पहिल्यांदा हवेनं भरताना जवळ कोणी थांबायचं नाही. सुमनबाई दारात उभ्या होत्या. भाऊ कुठं दिसत नव्हते.

तिनं बटण दाबलं. मोटर एका झटक्यात फिरली, पंप ठकठक करायला लागला, काटा हलला. आणि मागच्या दारानं भाऊ आले. धुतलेला सदरा, कपाळाला कुंकू, हातात एक लाकडी पाट. कोणाकडे न बघता ते सरळ टाकीपाशी गेले, बटणाजवळ उभी असलेली वर्षा आणि ती टाकी यांच्या मधोमध पाट टाकला, आणि टाकीला पाठ लावून मांडी घालून बसले.

"बाबा! उठा तिथून!" वर्षा किंचाळली.

"तू तुह्यं काम कर."

"मी पाह्यली हाये ना टाकी! फुटत नाई ते!"

"मले मालूम हाये."

"मंग काऊन बसले तिथी?"

"तुह्या आईले भेव लागून राह्यलं. तिच्यासाठी बसलो."

"मले?" सुमनबाई दारातून म्हणाल्या. "मले कायचं भेव जी?"

लोक हसायला लागले. वर्षा हसली नाही. तिनं काट्याकडे पाहिलं, चारवर होता. मग ती बटण सोडून आली, त्या एवढ्याशा पाटावर बापाला सरकवून त्याच्या बाजूला बसली, आणि तिनंही टाकीला पाठ लावली. भाऊंनी तिला उठवायला हात उचलला. तो तिच्या टोपीवर ठेवला आणि तिथंच राहू दिला.

काटा पाच, सहा, सात असा चढत गेला.  माझी गाडी वळणावर हॉर्न वाजवत होती, तरी मी हललो नाही. दोघंही समोर रस्त्याकडे बघत बसली होती, आणि टाकीच्या हादऱ्यानं दोघांचेही खांदे सारखेच थरथरत होते.